आंबिवलीच्या माळावरची दौड

२० सप्टेंबर १९५३, रविवार

ठरलं! आठल्ये सरांनी आज घरी बोलावून सांगितलं – यंदा ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या हायस्कुलांची मिळून 'क्रॉस कंट्री' होणार. रस्ता नाही, आखलेलं मैदान नाही. शेतं, बांध, ओढे, माळ. पाच मैल. आंबिवलीच्या माळावरून सुटायचं, मोहन्याच्या अंगानं वळसा घालायचा, परत माळावर यायचं. पंचवीस ऑक्टोबरला.

"भोईटे, ढाल आपल्या शाळेत आली पाहिजे." हेडमास्तरांचं एवढंच म्हणणं.

मी म्हटलं, पोरं मैदानावर एक फेरी मारून बसणारी. तयारीला वेळ थोडा आहे. म्हणाले, "तुम्ही पलटणीतले. तुम्हाला मी काय सांगू?"

पलटणीतला आहे म्हणूनच पुढचं विचारलं – सुटणार किती वाजता? तर पाहुणे मुंबईहून येणार, म्हणून अकराला.

ऑक्टोबरात. अकराला. उघड्या माळावर!

शालूला सांगितलं. ती भाकऱ्या थापत होती. मान वर न करता म्हणाली, "अहो, त्या वेळी कावळासुद्धा झाडातून बाहेर पडत नाही."

२३ सप्टेंबर

पोरं निवडली. रतन, पंढरी, गणू आणि आणखी पाच. रतन सगळ्यांत चांगला – रेल्वेच्या चाळीतला, बारीक, पण फुफ्फुसं भात्यासारखी. पायात कुणाच्याच काही नाही. आज सगळ्यांचे तळपाय बघितले. हसत होते. "सर, पाय काय बघता, बैल घेताय काय?"

हसू द्या. तळपायात काटा मोडलेला असला की पोरगं लंगडतं, लंगडलं की कंबर जाते. हे बैलवाल्याला कळतं, शाळांना कळत नाही.

उद्या डॉक्टरांकडे नेणार सगळ्यांना. आठल्ये सर म्हणाले, "धडधाकट पोरं आहेत, डॉक्टर कशाला?" मी नेणार.

२४ सप्टेंबर

पंढरीच्या छातीत आवाज आहे. डॉक्टरांनी नळी दोनदा लावून बघितली. म्हणाले, लहानपणी सांध्याचा ताप आलेला असणार. पळवू नका.

पंढरी रडला. मी त्याला शिट्टी दिली. म्हटलं, तू माझा मदतनीस. पण बरं वाटेना. नेलं नसतं तर कळलं असतं का? बाकीच्या शाळांनी किती जणांच्या छातीला नळी लावली असेल?

२७ सप्टेंबर, रविवार

ठाण्याला गेलेलो, पर्शाकडे. परशुराम तिथल्या हायस्कुलात माझ्यासारखाच पी.टी. शिकवतो. ट्रेनिंगच्या कोर्सला एका खोलीत होतो आम्ही. एका ताटात जेवलोय. माझ्या लग्नात शालूच्या भावांशी भांडायला हाच पुढे होता!

त्याचा पोरगा बघितला – सहदेव. खाडीकाठच्या आगरी गावातला. बाप नाही. आई मिठागरावर पाट्या वाहते. पर्शाच्या घरीच जेवतो-खातो, त्याच्या मुलांबरोबर अभ्यासाला बसतो. काय पळतो! पाय जमिनीला लागतात की नाही कळत नाही. मी बघतच राहिलो. रतनचं काही खरं नाही, मनात म्हटलं.

पर्शा म्हणाला, "दौल्या, याला मी बंगलोरला नेणार. मोठ्या शर्यतीला. नंतर त्याच्याही पुढं."

दुपार टळायच्या आत त्यानं पोराला पुन्हा पळवलं. पोरगं परत आलं ते थेट हौदाकडे वळलं. पर्शा गरजला, "अंहं! अंग निवेपर्यंत थेंब नाही!" सहदेव माघारी आला, भिंतीला टेकून उभा राहिला. ओठ पांढरे.

मी म्हटलं, पाजव की त्याला. पर्शा म्हणाला, "पाणी म्हणजे पोटात शिसं. आणि तापल्या अंगात गार पाणी गेलं तर काळीज बंद पडतं. आपल्या वस्तादांनी काय शिकवलंय? विसरलास?"

विसरलो नाही. पण पलटणीत असताना बसऱ्याला मी वेगळं बघितलंय. वाद घातला. त्यानं हसण्यावारी नेलं. त्याच्या बायकोनं बटाटेवडे केलेले. खाल्ले. परत येताना मन लागेना.

१ ऑक्टोबर

सकाळी पोरांना ठाकुर्लीकडे नेलं. शेतांच्या कडेनं पॉवर हाउसच्या चिमणीपर्यंत जायचं आणि परत. पहिल्या आठवड्यात नुसतं चालणं-धावणं, चालणं-धावणं. कुरकुर झाली. गणू म्हणाला, "सर, ही काय शर्यत? ही तर मयतीची चाल." कानफटात द्यावीशी वाटली. असली भाषा नको तोंडात.

परतल्यावर लिंबू, मीठ, गूळ घातलेलं पाणी. सगळ्यांना. शालूनं कळशी भरून दिलेली.

४ ऑक्टोबर, रविवार

पर्शाबरोबर आंबिवलीची वाट बघून आलो. मी चालत, तो सायकलवर. माळ बोडका. एक झाड नाही. मग भातशेतं – कापणीला आलेली, पाणी आटलेलं, बांध भेगाळलेले. वारा नव्हता. भाताच्या उभ्या पिकात ऊन साचतं, भट्टीच्या तोंडाशी उभं राहिल्यासारखं होतं. मोहन्याच्या वळणापाशी एक कठडा नसलेली विहीर. मी म्हटलं, इथे माणूस उभा करायला पाहिजे, घोळक्यात एखादा आत जाईल. वळणानंतर अर्धा मैल काहीच नाही. मग एक आंबा, एकटाच. पुन्हा माळ.

आंब्याखाली बसलो. पर्शा गाणं गुणगुणत होता. मला कसलाच आवाज ऐकू येत नव्हता – पाखरू नाही, गुरंढोरं नाहीत. म्हटलं, पर्शा, ही वाट मला आवडली नाही.

तो म्हणाला, "तू पलटणीतून आल्यापासून तुला कुठलीच वाट आवडत नाही."

७ ऑक्टोबर

समितीची बैठक. सकाळी सातला सुरू करा म्हटलं. समितीचे चिटणीस म्हणाले, सातला पाहुणे येणार कसे? मी म्हटलं, पाहुणे धावणार आहेत का? आठल्ये सरांनी टेबलाखालून माझा पाय दाबला.

वेळ तीच राहिली. विहिरीवर माणूस उभा करायचं मात्र कबूल केलं. वाटेवर पाणी ठेवा म्हटलं, तर एकमेकांकडे बघू लागले. एक म्हातारे शिक्षक म्हणाले, "कोणाच्या घरचं पाणी? आणि सगळ्यांनी एकाच पेल्यानं प्यायचं?" दुसरे म्हणाले, धावत्या माणसाला पाणी म्हणजे विष. शेवटी चिटणीस म्हणाले, "ठेवायचं तर ठेवा भोईटे, पण तुमच्या जबाबदारीवर."

बरं. माझ्या जबाबदारीवर.

१३ ऑक्टोबर

रतन पडला!

ठाकुर्लीहून परतताना चक्कर आली. आधी वेड्यावाकड्या उड्या मारल्यासारखा पळाला, मग बांधावरून सरळ खाली. अंगावर काटा, बोलणं बरळल्यासारखं. उचलून कडुनिंबाखाली नेला. सदरा काढला, पाणी ओतलं, मानेला, काखेत ओली फडकी. पोरांना वारा घालायला लावलं. थोड्या वेळानं डोळे उघडले, मीठपाणी घोट घोट दिलं. मग म्हणतो कसा – "सर, उपास मोडला का हो?"

नवरात्राचा उपास! आईनं नवस बोललेला, पोरानं नऊ दिवस निभवायचा. शेंगदाणे आणि केळं खाऊन पळत होता. मला विचारायला नको? मी विचारायला नको?

संध्याकाळी त्याच्या घरी गेलो. रखमाबाई, त्याची आई, घाबरून चुलीपाशी उभी. मी म्हटलं, माउली, देवीला माझं नाव सांगा, पोराला जेवू घाला. मग म्हणाली, "उरलेलं उपास मी धरते." आणि त्याच्यापुढे भात वाढला. मी तिथंच बसलो, त्याचं जेवण होईपर्यंत.

१४ ऑक्टोबर

बसऱ्याजवळचा भिवा आठवतोय कालपासून. आमच्याच तुकडीतला, कोरेगावकडचा. हुकूम होता – थांब्यावर पोचल्याशिवाय पाण्याच्या बाटलीला हात नाही. भिवानं लावला नाही. चालता चालता आईशी बोलायला लागला. आम्ही हसलो. मग तो वाळूत बसला, आणि झोपल्यासारखा आडवा झाला. अंग तव्यासारखं, घामाचा टिपूस नाही. बाटली भरलेली होती.

१५ ऑक्टोबर

पोरांना एकत्र बसवून समजावलं. आता जोडीनं पळायचं. प्रत्येकानं जोडीदाराचं तोंड बघायचं. घाम थांबला, दात वाजायला लागले, प्रश्न विचारला एक आणि उत्तर आलं भलतंच – की शर्यत गेली खड्ड्यात! त्याला सावलीत न्यायचं, भिजवायचं, ओरडायचं.

गणू म्हणाला, "आणि सर, आपण पहिले असलो तर?"

तरीही.

"ढाल?"

ढाल लाकडाची असते, म्हटलं.

हे आठल्ये सरांच्या कानावर गेलं. आज त्यांनी माझा नमस्कार घेतला नाही.

१९ ऑक्टोबर

दसरा झाला. ऊन मात्र हटत नाही. शालू म्हणते, असा ऑक्टोबर बघितला नाही. रात्री पण भिंती गरम.

२० ऑक्टोबर

आंबिवलीत ठमाबाई म्हणून एक बाई भेटल्या. माळाच्या टोकाला त्यांचं घर, अंगणात विहीर. तीन माठ हवेत म्हटलं तर म्हणाल्या, "पोरांसाठी ना? मंग इचारता काय?" एक माठ माळ संपतो तिथं, तिथे त्या स्वतः बसणार. दुसरा मोहन्याच्या वळणावर, तिथे मी. तिसरा आंब्याखाली. तिथे बसायला माणूस नाही. पंढरीला बसवणार होतो, पण त्याला घरून एवढं लांब सोडत नाहीत. नुसता माठ आणि पेला ठेवून देऊ.

पर्शाला निरोप पाठवला – माठ सगळ्या शाळांसाठी आहेत. सहदेवला सांग.

२२ ऑक्टोबर

कोजागिरी. गच्चीवर दूध. सगळे चांदणं बघत होते. मी आभाळात एखादा ढग दिसतो का बघत होतो.

२४ ऑक्टोबर

पोरांना सकाळी फक्त चालवलं. रात्री पेज, भात, भरपूर पाणी, लवकर झोप – घरोघरी जाऊन सांगून आलो. रखमाबाईंनी हातावर साखर ठेवली.

 

२६ ऑक्टोबर, सोमवार

काल लिहिता आलं नाही. आज लिहितो. सगळं लिहितो.

पाहुणे उशिरा आले. तोवर पोरं रांगेत उभी, माळावर, उन्हात. स्वागतगीत, हारतुरे, भाषण. पाहुण्यांना शामियाना होता. मी माझी पोरं रांगेतून काढून शामियान्याच्या मागच्या सावलीत बसवली. आठल्ये सर लाल झाले. "शिस्त, भोईटे!" मी पोरांना पाणी पाजत होतो. उठलो नाही. पर्शाची पोरं रांगेत ताठ. सहदेव सर्वांत पुढे.

मी मोहन्याच्या वळणावर गेलो. लांबून शिट्टी ऐकू आली तेव्हा सूर्य डोक्यावर आलेला.

पहिला सहदेव. बाकीच्यांचा पत्ता नाही, हा एकटा. मागून गाडीवाटेनं पर्शा सायकलवर – "शाब्बास! लांब टाक! लांब!" मी पेला पुढे केला. "घे रे, एक घोट." सहदेवनं माझ्याकडे बघितलं, हसला, मान हलवली आणि गेला. अंग घामानं निथळत होतं. पर्शानं जाताना मला हात केला. किती खूष होता तो!

मग बाकीचे. रतन आणि गणू जोडीनं आले, थांबले, प्यायले, डोक्यावर ओतून घेतलं. गणूचं तोंड उतरलेलं. मी म्हटलं, चाला थोडं. चालले. मग पळाले.

थोड्या वेळानं आंब्याच्या बाजूनं ओरडा. गणूचा आवाज – "सर! सर! सर!"

मी कसा पोचलो आठवत नाही. आंब्यापासून थोडं पुढे, भाताच्या बांधावर सहदेव पालथा पडलेला. रतननं त्याला उताणा केलेला, स्वतःच्या अंगानं सावली धरून उभा. पर्शा त्याचा हात धरून बसलेला, एकच म्हणत होता, "ऊठ ना रे. ऊठ. थोडंच राहिलंय."

अंगाला हात लावला. तवा. घाम नाही, एक थेंब नाही. डोळे अर्धे उघडे. पुटपुटत होता, "आये, मीठ भिजल... मीठ भिजल..."

आंब्याखालचा माठ उचलून आणला. पेला खाली पडलेला होता. सगळं पाणी त्याच्या अंगावर ओतलं. सदरा फाडला, वारा घातला. रतनला म्हटलं, डॉक्टर! डॉक्टर शामियान्यात होते. रतन पळाला – शर्यतीची वाट सोडून, उभ्या भातातून. तसा तो कधी पळाला नव्हता.

पाहुण्यांच्या मोटारीतून कल्याणला नेलं. मी मागच्या सीटवर त्याचं डोकं मांडीवर घेऊन. पर्शा पुढे. शहाडच्या पुढे सहदेवचं पुटपुटणं थांबलं. पर्शा मागे वळून बघत नव्हता.

दवाखान्यात डॉक्टरांनी फक्त चादर ओढली.

ढाल कोणाला मिळाली मला ठाऊक नाही.

२७ ऑक्टोबर

परवा रात्री सहदेवला घेऊन खाडीवर गेलेलो; ते काल लिहवलं नाही. त्याच्या गावची सगळी माणसं. गोदाबाई – त्याची आई – रडत नव्हती. पोराचे तळपाय चोळत होती, पुन्हा पुन्हा. मला जवळ जाता आलं नाही.

२८ ऑक्टोबर

बाजारात ऐकलं. "तापल्या अंगानं गार पाणी प्यायला, काळीज बंद पडलं." वाण्याच्या दुकानात, न्हाव्याकडे, शाळेच्या व्हरांड्यात – तेच. मी दिसलो की गप्प होतात.

३० ऑक्टोबर

आठल्ये सरांनी बोलावलं. समिती चौकशी करणार. "माठ कोणाच्या परवानगीनं ठेवलेत?" म्हटलं, माझ्या जबाबदारीवर. म्हणाले, "हो. मलाही तसंच आठवतंय."

शाळेत यायचं नाही, निकाल लागेपर्यंत.

३१ ऑक्टोबर

आंबिवलीला गेलो. ठमाबाईंच्या अंगणात खापरं. कोणीतरी माठ फोडलेत. विहिरीचं पाणी गावातलं कोणी नेत नाही. म्हणतात, त्या पाण्यानं पोर मेलं. मी हात जोडले. त्या म्हणाल्या, "मास्तर, माजा पानी तर सगल्यांनी प्याला. बाकीची पोरा कशी जित्ती ऱ्हायली?"

हाच प्रश्न मीही स्वतःला विचारतो. पण सहदेवचं अंग निराळं तापलेलं असेल. एकदम प्यायला असेल. बाकीच्यांना मी समोर उभा राहून घोट घोट दिलं. आंब्याखाली कोणी नव्हतं. मी तिथं माणूस ठेवायला हवा होता. की माठच ठेवायला नको होता?

३ नोव्हेंबर

चौकशी. मी बसऱ्याचं सांगितलं, रतनचं सांगितलं. ऐकून घेतलं. डॉक्टरांना विचारलं, गार पाण्यानं असं होऊ शकतं का? ते म्हणाले, उन्हाचा झटका दिसतो, पण नक्की सांगता येणार नाही.

मग पर्शा. वर बघतच नव्हता. चिटणिसांनी विचारलं, "तुम्ही त्याच्या जवळ होतात. मुलगा आंब्यापाशी थांबला?"

"थांबला."

"पेला घेतला?"

"घेतला."

"तोंडाला लावला?"

"...लावला."

"मग?"

"मग थोडं पुढं जाऊन पडला."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

बाहेर आल्यावर पर्शानं माझे खांदे धरले. "दौल्या, तुझी चूक नाही रे. तुझ्या मनात चांगलंच होतं." रडला. मीही रडलो. एवढी माणसं, पण तेवढा एकच माझ्याशी बोलला.

४ नोव्हेंबर

मी मारलं त्याला.

लिहून बघितलं. तसंच दिसतं.

६ नोव्हेंबर

लक्ष्मीपूजन. शालूनं एकच पणती लावली.

१० नोव्हेंबर

निकाल. अपघात. मात्र भोईटे यांचा अविचार कारणीभूत. मला शाळेतून कमी केलं. ते जाऊ दे. पुढचं दोनदा वाचलं – यापुढे कुठल्याही शाळेच्या शर्यतीत, सरावात, मुलांना धावताना वा धावून आल्यावर अंग निवेपर्यंत पाणी देण्यास सक्त मनाई. सगळ्या हायस्कुलांना. शर्यत पुढच्या साली पुन्हा होणार. त्याच माळावर, त्याच महिन्यात.

शालू म्हणाली, "अहो, पण तुम्हीच म्हणता ना, पाण्यानंच झालं?"

मी म्हटलं, मला काहीच कळत नाही.

१२ नोव्हेंबर

मैदानावरून गेलो, कुंपणाबाहेरून. नवा मास्तर पोरांना पळवत होता. रतननं मला बघितलं. ओठांवरून जीभ फिरवत होता. नळ मैदानाच्या कोपऱ्यातच आहे. नळापुढे एक शिपाई उभा केलाय.

मला ओरडावंसं वाटलं. पण काय ओरडू? प्या म्हणू, की नको म्हणू? एवढी वर्षं जे नक्की माहीत होतं तेच आता माहीत नाही.

१३ नोव्हेंबर

पर्शाबरोबर गोदाबाईंकडे गेलो. एवढे दिवस धीर होत नव्हता. पर्शा नको म्हणत होता. "जखम उकरू नको." मीच ओढून नेला.

खाडीला ओहोटी. मिठाचे ढीग पांढरे, डोळे दिपतात. गोदाबाई कामावर होत्या. पाटी उतरवून आल्या, पदरानं तोंड पुसलं. मी पायाशी बसलो. म्हटलं, बाई, माठ मी ठेवलेला. दोष माझा आहे.

त्यांनी डोक्यावरची चुंबळ काढून बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, "तुमी पानी ठेवलाव, बरा केलाव. तानेल्या पोऱ्याला पानी दिला, त्यात पाप कसला? आमी इथं उन्हान दीस काढताव. पानी पिऊन कोन मरत नाय, मास्तर. पानी नाय म्हनून मरतान."

मग म्हणाल्या, "माजा पोऱ्या दोन घोट पिऊन गेला, येवरा तरी समाधान हाय मना. तानेला नाय गेला."

पर्शा ताडकन उठला. बांधावरून चालत सुटला, मागे न बघता. हाका मारल्या. थांबला नाही. मला वाटलं, त्याला सहन झालं नाही. पोटच्या पोरासारखा होता सहदेव त्याला.

स्टेशनावर पण दिसला नाही.

१५ नोव्हेंबर, रविवार

सकाळी पर्शा दारात. उंबऱ्यावरच बसला. डोळे सुजलेले. म्हणाला, "तो प्यायलाच नाही, दौल्या. पेला ओठांना लावला तेवढ्यात मी सायकलवरून ओरडलो – टाक! टाक तो! त्यानं माझ्याकडं बघितलं. आणि ओतून दिला."

कोट चढवला. त्याचा दंड धरला, उठवला आणि चिटणिसांच्या घराकडे निघालो. भर बाजारातून. त्यानं हात सोडवून घेतला नाही.